अकरा शिंपले

शीवेइ बंदर
चांद्र तिसरा महिना, दिवस नववा

आकुन,

खुशाल असशील. तिकडे दक्षिणेत ऊन लवकर चढतं, धक्क्यावर जाताना डोकं झाकून जात जा. मी बरी आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरला होता, तो आता सुटला असावा. काल तिला पाण्याचे दोन डबे नेताना पाहिलं, लांबून.

त्या सकाळी मी शेवाळ वाळवायच्या चटया धूत होते. आठवा महिना होता, हंगाम तोंडावर आलेला, म्हणून मागच्या वर्षीच्या चटया माळ्यावरून काढल्या होत्या. पेज उतरवून ठेवली होती. कोंबड्यांना कोंडा टाकून झाला होता. तुझ्या तांडेलाच्या फोटोपुढे चहाचा पेला ठेवला होता आणि रोजच्यासारखं त्याला वारा कुठला आहे तेही सांगितलं होतं. तेवढ्यात चौकीतले लाइसाहेब दारात आले.

"तांडेलीणबाई, हात पुसा आणि चला. एक आवाज ऐकवायचाय."

"कोणाचा?"

"ते आम्हाला माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

मलाच का बोलावलं, ते तुला सांगायला नको. धुक्यात होड्या परत यायच्या तेव्हा नुसत्या आरोळीवरून मी सांगायचे, कोणाची होडी आणि पुढच्या टोकाला, नाळेवर कोण उभा आहे. बाया त्याप्रमाणे टोपल्या मांडायच्या. "बंदराला दीपगृह एक आणि सूयिंगचा कान दुसरा," असं म्हातारा खु सगळ्यांदेखत म्हणायचा. मी 'काहीतरीच' म्हणायचे. पण मला ते आवडायचं. आज खोटं लिहीत नाही.

चौकीत त्यांनी फान शेठच्या फोनवर आलेलं बोलणं ऐकवलं. एकोणीस सेकंद. आपल्या बंदराची बोली. "फान शेठ, खाडीतल्या काठ्या पंधरा दिवसांत उपटून घे. नाही घेतल्यास तर वाळवणाच्या शेडमध्ये तुला मिळेल ती... राख." आणि सोळाव्या दिवशी शेड जळाली, राखणदाराचा हात भाजला, हे तोवर सगळ्या बंदराला माहीत होतं. शेठने शेवाळासाठी रोवलेल्या काठ्यांनी होड्यांची वाट अडते म्हणून तू भर बाजारात त्याच्याशी भांडला होतास, हेही.

मी ते एकदा ऐकलं आणि म्हणाले, "आकुन."

लाइसाहेब म्हणाले, "नक्की?"

"शंभर टक्के."

कागदावर अंगठा नाही लावला. सही केली. चाळिशीत अक्षरं शिकले, सुक्या मासळीला गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवरून, त्यामुळे कुठेही सही करायला मिळाली की मला बरं वाटतं. तेव्हाही वाटलं.

त्यानंतर मी दोनदा चौकीत गेले आणि तो आवाज पुन्हा ऐकवायला लावला. गावात सांगितलं, सूयिंग काळजीपूर्वक काम करते, एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. गावाने मान डोलावली.

तुला नेलं त्याच आठवड्यात. जिल्ह्याच्या कचेरीने तुला सरकारी बोलीतलं एक पान वाचायला लावलं आणि ते फोनच्या आवाजाशी ताडून पाहिलं. उत्तर आलं, मत देता येत नाही. मग उरलं काय? माझा कान.

तुझ्या आईचं सांगते, कारण ती स्वतः सांगणार नाही. वकील म्हणाला, आता काही होण्यासारखं नाही. तर ती त्याच्या कचेरीच्या पायरीवर तीन दिवस बसली, घरून शिजवलेले रताळ्याचे तुकडे खात. चौथ्या दिवशी त्याने आवाजाची तपासणी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज केला. प्रांताच्या शहरातून एक मुलगी पाठवली गेली. शुए मिन तिचं नाव. बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला ती आली, नाक थंडीने लाल झालेलं, दोन जड पेट्या घेऊन.

ती उत्तरेकडची. आपल्या बंदराच्या बोलीतलं तिला अक्षर कळत नव्हतं, तुझ्या-माझ्या डोंगराकडच्या बोलीतलंही नाही. आणि आली होती आवाज ओळखायला. पहिल्या दिवशी जेवायला तिच्यापुढे कच्चा खारवलेला खेकडा ठेवला तर तिने हात जोडले आणि सोबत आणलेला पाव काढला. बाया दिवसभर तेच बोलून हसत होत्या.

गावकीच्या खोलीत तिने सव्वीस माणसं बोलावली. बंदरातली आणि डोंगराकडून इथे येऊन राहिलेली, सगळी तुझ्या वयाच्या आगेमागे. म्हातारा खु वयात बसत नव्हता, पण त्याला कोण अडवणार? प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: धुक्यात होडी आत कशी आणतात. एकदा बंदराच्या बोलीत, एकदा डोंगराच्या, येत असेल तर, आणि एकदा सरकारी. शिवाय पलीकडच्या खोलीतून फोनवर, कारण तो आवाज फोनवरचा होता. निवृत्त मास्तर शेजारी बसून लिहून देत होते.

मी साक्षीदार, मला आत मज्जाव. मी बाहेरच्या पायरीवर शिंपले सोलायला बसले. तिथे बसायला कोणाची परवानगी लागत नाही. शुए मिन बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, केसबद्दल मी तुमच्याशी चकार शब्द बोलणार नाही. रागावू नका. शिंपले मात्र विकत घेईन, शिजवून देणार असाल तर."

खिडकी उघडी होती. खु आत गेला तो ऐटीत.

"पोरी, तुला आमचं काही कळत नाही. मी तुझ्या तोंडावर शिव्या दिल्या तरी तू हसत बसशील."

मास्तरांनी भाषांतर केलं. ती म्हणाली, "द्या ना, आजोबा. शिव्या देताना माणूस नाटक करत नाही. तसलाच आवाज मला हवाय."

यावर खु इतका सभ्य झाला की आयुष्यात प्रथमच त्याने बायकोला 'अहो' म्हणून हाक मारली, आत बसूनच. बाहेर रांगेतले खलाशी लोळले.

"खुकाका, घरी गेल्यावर पण असंच बोला हं."

"गप रे. यंत्र चालू आहे."

आकुन, आता मला लिहायचं ते लिहिते. तीन ओळी खोडल्या आहेत, त्या वाचायचा प्रयत्न करू नकोस.

मी शिंपले स्टीलच्या घमेल्यात टाकत होते. ते घमेलं तुला माहीत आहे. तांडेल गेल्यावर दुसऱ्या वर्षी तो जुने फोन घेऊन भांडी देणारा आला होता, भोंगा लावून. मी कपाटातला बंद पडलेला फोन दिला आणि घमेलं घेतलं. संध्याकाळी त्यात तांदूळ धुताना लक्षात आलं की होडीवरून तो मला निरोप बोलून पाठवायचा, ते सगळे त्या फोनमध्ये होते. दोन गावं त्या माणसाच्या मागे पायी गेले. सापडला नाही. तेव्हापासून त्याचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. सुरुवातीला मला डोक्यात ऐकू यायचा. मग शब्द राहिले, आवाज गेला.

तुझा तांडेल हुकूम देताना शेवटच्या शब्दाआधी थांबायचा. नाकाने श्वास आत ओढायचा आणि तो शब्द जड पेटी खाली ठेवावी तसा ठेवायचा. वाऱ्याची एक झुळूक संपून दुसरी यायच्या मधे तो शब्द जायला हवा म्हणून. जमिनीवरही तसाच बोलायचा. "सूयिंग, मला आणखी थोडा... भात." आमची मुलगी चिडवायची, भाताला वारा लागतोय का, बाबा?

त्या एकोणीस सेकंदांत, राख म्हणायच्या आधी, तो श्वास होता.

मला वाटलं, हा श्वास या जगात आता एकाच माणसाकडे असेल, बावीस वर्षं त्याच्या मागे उभा राहिलेल्या आकुनकडे. म्हणून तुझं नाव घेतलं. आणि त्यानंतर दोनदा चौकीत गेले, ती खात्री करायला नाही. मला तो श्वास पुन्हा ऐकायचा होता. लाइसाहेबांनी तिसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा मी डोळे मिटले होते. ते बिचारे समजले, बाई मन लावून ऐकतेय.

तर त्या पायरीवर बसून मी सव्वीस माणसं ऐकली. चौथा माणूस बोलत होता, लंगडा आफू. "मग सुकाणू डावीकडे, हळू, आणि मग सोडायचा... नांगर." माझा हात थांबला. तो शिंपला मी वेगळा ठेवला. आफूने दोन हंगाम आपल्या होडीवर काढले होते, मी विसरले होते. मग सातव्याच्या तोंडी तोच श्वास. मग नवव्याच्या, आणि तो तर आपल्या होडीवर कधी चढलाही नव्हता, त्याचा भाऊ होता. माझा आधी राग राग झाला. प्रत्येक जण माझ्या घरातली वस्तू उचलून नेल्यासारखा आत जाऊन बोलत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पायरीवर अकरा शिंपले झाले.

अकरा माणसं, आकुन. देहाई तांडेल गेला तेव्हा मला वाटलं होतं एक फोटो आणि एक रेनकोट उरला. आणि इथे त्याचा श्वास अकरा जणांच्या नाकात होता, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्या दिवशी मला जेवढा त्याचा अभिमान वाटला तेवढा त्याने नवी होडी पाण्यात घातली तेव्हाही वाटला नव्हता.

पण त्याच क्षणी मला हेही कळलं होतं की मी तुझं नाव कशावरून घेतलं. अकरा जण तसे बोलत असतील तर त्या श्वासावरून आकुन कसा ठरतो? मी शिकलेली नसले तरी एवढा हिशेब मला येतो. लाइसाहेबांची चौकी त्या पायरीपासून दोनशे पावलांवर आहे. मी शिंपले टोपलीत भरले आणि घरी गेले.

हेच मला तुला सांगायचं होतं. बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला मला कळलं होतं. तू सुटलास पहिल्या महिन्याच्या अखेरीस. मधले सात आठवडे मी गप्प होते. मनाशी म्हणत होते, अहवाल येईल, मी कोण बोलणारी. पण मला भीती होती खु काय म्हणेल त्याची. दीपगृह विझलं, असं. तुझ्या आईने नव्या वर्षाचं जेवण एकटीने केलं, दोन वाट्या मांडून. मी भिंतीपलीकडून वाट्यांचा आवाज ऐकला. माझा कान चांगला आहे.

कोर्टात तू मला पाहत होतास. तुझ्या वकिलाने विचारलं, "आरोपी तुमच्याशी कोणत्या बोलीत बोलतो?"

"माझ्या माहेरच्या. आम्ही दोघं डोंगराकडच्या एकाच खोऱ्यातले."

"बंदराच्या बोलीत कधी बोललाय तुमच्याशी?"

मी आठवलं. बावीस वर्षं. होडीवर तू तांडेलाशी बंदराची बोली बोलायचास, पण माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवलास की जीभ बदलायची. "काकी, भूक लागली," ते आपल्या बोलीत. एकदाही दुसऱ्या बोलीत नाही.

"लांबून ऐकलंय," मी म्हणाले.

"किती लांबून?"

"होडीवरून धक्क्यापर्यंत."

मागे कोणीतरी हसलं. तू हसला नाहीस.

नंतर शुए मिन बोलली. तिने 'शंभर टक्के' म्हटलं नाही. ती म्हणाली, हा आवाज आकुनचा धरला तर कमी जुळतो, याच बंदरातल्या दुसऱ्या कोणाचा धरला तर फार अधिक जुळतो. न्यायाधीशांनी तिला दोनदा विचारलं, म्हणजे तो नाहीच ना? आणि दोनदा ती म्हणाली, तेवढं ठरवणं माझं काम नाही, तुमचं आहे. एवढं शिकलेली मुलगी, आणि आपल्या शब्दाला किती जपून उचलत होती. ती माझी कोणी नाही, तरी माझा ऊर भरून आला.

निकाल झाल्यावर मी तिला फाटकाशी गाठलं. आता बोलायला बंदी नव्हती. मी विचारलं, "पोरी, शब्द कळत नाहीत तर तू ऐकतेस काय?"

"आजी, माणूस बोली बदलतो तेव्हा शब्द बदलतात, चाल बदलते. बोलायची लकब तर दुसऱ्याकडून उचललेली असते. पण घसा तोच, नाक तेच, तोंडाची पोकळी तीच. बोली बदलली तरी जे थोडंफार तसंच राहतं, ते मी मोजते. आणि ते इथल्या किती जणांत सापडतं, ते आधी बघते. नाहीतर गावाचा आवाज एका माणसाच्या गळ्यात बांधला जातो."

मग म्हणाली, "तुमच्या त्या आकुनने मला फार मदत केली. कोठडीतली माणसं आवाज जाड करतात, बोबडे बोलतात. त्याला तिन्ही बोलींत बोल म्हटलं तर होडीवर उभा असल्यासारखा बोलला. काही लपवलं नाही. म्हणाला, माझ्या तांडेलाने मला स्वच्छ बोलायला शिकवलंय."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी फाटकाचा गज धरून उभी होते.

सुटल्यावर तू माझ्याकडे आलास. मला वाटलं होतं विचारशील. तू फोटोपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "काकी, तांडेलाचा चहा गार झालाय. बदला." आणि गेलास. चार दिवसांनी कळलं, तुला कोणी होडीवर घेत नाही म्हणून दक्षिणेला गेलास. तो फोन करणारा अजून सापडलेला नाही. खु धक्क्यावर सगळ्यांना सांगतो, "यंत्राने सोडला असेल. सूयिंगचा कान सोडणार नाही." आणि लोक त्याचं ऐकतात. कोर्टाने तुला सोडलं, पण मी अजून सोडलेलं नाही, असं ते धरून चालतात. हे मला गेला महिनाभर दिसतंय.

मी तुझ्या आईकडे अहवाल मागायला गेले. तिने दार अर्धं उघडलं.

"कशाला पाहिजे?"

"वाचायला, ताई."

"वाच. तुला वाचता येतं ना. सही पण करता येते." कागद माझ्या पायाशी पडले.

एकोणीस पानं, शब्दकोश घेऊन, नऊ दिवस लागले. आकड्यांची पानं मी बोट ठेवून दोन-दोनदा वाचली. चौदाव्या पानावर एक तक्ता आहे. शेवटच्या शब्दाआधी श्वास घेणारी माणसं: सव्वीसांपैकी अकरा.

माझेही अकराच होते. यंत्राचा आणि माझा एकही शिंपला इकडेतिकडे नाही. तेव्हा माझा कान वाईट नव्हता, आकुन. कानाने मला बरोबर सांगितलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

ते शेवटचं पान आज दुपारी संपलं आणि मी हे पत्र घेऊन बसले. परत ये, असं लिहायचा मला हक्क नाही. माफ कर, असं लिहिलं तर तू आपल्या स्वभावाने करून टाकशील, म्हणून तेही लिहीत नाही. एवढंच लिहिते की तांडेलाने आयुष्यात केलेल्या कामांत तू सगळ्यांत नेटकं काम आहेस. तो असता तर हेच म्हणाला असता, आणि 'आहेस'च्या आधी थांबला असता.

तुझं नाव चुकीचं घेतलेली,
वेन देहाईच्या घरची सूयिंग

ता.क. पत्र काल पाकिटात घातलं नव्हतं, बरं झालं. आज दहावा दिवस. सकाळी भरतीला सगळ्या होड्या धक्क्याला होत्या तेव्हा मी तुझ्या आईच्या दारावर लाल कापड बांधलं आणि फटाक्यांची माळ लावली, जशी चूक करणाऱ्याने लावायची असते. लोक जमले. मी सांगितलं की आवाज आकुनचा आहे हे मी चुकीचं सांगितलं, आणि ते चूक आहे हे मला तू सुटण्याच्या सात आठवडे आधी कळलं होतं. हे मी बंदराच्या बोलीत सांगितलं, मग आपल्या, मग सरकारी बोलीत. खु ऐकून धक्क्याकडे चालू लागला. तिथून चौकीत जाऊन लाइसाहेबांकडे तेच लिहून दिलं आणि खाली सही केली. मग घरी आले, चहा बदलला आणि चटया धुतल्या.